मैदानात दोन माणसं

त्या वर्षी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला बाहेरच्या पोरांनी नाव पाडलं होतं, हातवरवाले. पाडणारच. असली खोड जगात कुठल्या टीमला असते? यांच्यातल्या कुणाच्या हातून फाऊल झाला, म्हणजे समोरच्याच्या मनगटावर फटका बसला, कोपर लागलं, धक्का गेला, की शिट्टीची वाट न बघता तो आपणहून हात वर करायचा. रेफरीनं बघितलं असो, नाहीतर तो तेव्हा नाक शिंकरत असो. बघणारे फिदीफिदी हसायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथे भर दुपारी, चारचौघांत चालायचं. आणि बास्केटबॉलमध्ये पाच फाऊल झाले की माणूस सामन्यातून बाद, बाकड्यावर जाऊन बसायचं. तरीही हात वर.

ही खोड लावली लॅबसरांनी. सर म्हणजे प्रोफेसर नव्हेत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. दहा ते साडेपाच परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, आणि त्याआधी सकाळी सहा ते आठ कोर्टावर शिट्टी फुंकायची. कॉलेजनं टीमला कोच कधी दिलाच नाही, म्हणून अकरा वर्षांपूर्वी हा माणूस आपणहून उभा राहिला. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वळायची नाही. कुणा विद्यार्थ्यानं फ्लास्क फोडला, काचा बेसिनच्या साबणपाण्यात लपवल्या आणि पोबारा केला. सरांनी पाण्यात हात घातला आणि शीर तुटली.

"फोडल्याचा राग नाही रे," सर सांगायचे. "तोंड दाबून गेला, त्याचा आहे. फोडलंस तर हात वर कर. पुढचं मी बघतो."

चिकटला हे कधी पटलं नाही. चिकट टीमचा कप्तान. ज्याला अडवायचं त्याला गोचिडासारखा चिकटायचा, म्हणून चिकट. हात वर तोही करायचा, पण दात खाऊन.

"सर, रेफरी आता खेळ बघतच नाहीत," तो म्हणायचा. "आपले हात बघतात. आयतं मिळतंय त्यांना. समोरचे मारतात ते कोण लिहिणार?"

"ते त्यांचं त्यांच्यापाशी."

"म्हणजे ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांनीच कबुल्या देत फिरायचं. बाकीच्यांना मुभा."

"झालं बोलून? आता पन्नास उठाबशा."

पन्नास उठाबशा काढताना चिकट मोठ्यानं आकडे मोजायचा आणि प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात एक शिवी हासडायचा. शिव्या कमी पडल्या नाहीत कधी.

टीममध्ये सातच जण. डोंगर होता, सहा फूट चार इंच, स्वभावानं गाय. वकील होता, शिट्टी वाजली की रेफरीशी वाद घातल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणी उतरत नसे. जावई होता, सरावाला सगळ्यांच्या शेवटी यायचा आणि बूट घालायलाही दुसऱ्याच्या खांद्याचा आधार मागायचा. पोस्टमन होता, फारसा बोलायचा नाही, पण त्यानं टाकलेला चेंडू बरोबर पत्त्यावर पोचायचा. आणि दोन जुळे भाऊ होते, त्यांना सगळे मिळून जुळेच म्हणायचे. त्यांचे वडील कॉलेजच्याच कचेरीत कारकून.

लीगमध्ये नऊ सामने. पहिले तीन हे लोक सपाटून हरले. तिसऱ्यात तर चिकट, डोंगर आणि वकील तिघंही पाच-पाच फाऊल होऊन बाकड्यावर, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. पण चौथ्यापासून काय झालं कोण जाणे. सतत हात वर करून करून पोरांना कळायला लागलं, की आपण कुठे आणि का हात मारतो. हात मारायच्या आधी पाय हलायला लागले. चिकटनं एका सामन्यात समोरच्या हुकमी खेळाडूला फक्त छाती पुढे करून चार गुणांवर रोखलं, बोट न लावता. लागोपाठ चार सामने जिंकले. कॉलेजातल्या ज्या पोरांना कोर्ट कुठे आहे हे माहीत नव्हतं, ती भिंतीवर चढून बसायला लागली.

आणि नेमकं हेच एकाच्या डोळ्यात खुपलं. कॉलेजचे क्रीडा अधिकारी. पोरं त्यांना फीत म्हणायची, कारण साहेबांच्या खिशात मोजमापाची फीत असायची आणि ते येता-जाता काहीतरी मोजत असायचे. गेले वर्षभर ते कोर्टच मोजत होते. तिथे त्यांना गाड्या लावायची शेड हवी होती, वरून पत्रा, बाजूनं साखळी, आत बड्या लोकांच्या चारचाकी. अडचण एकच. कोर्ट जुन्या अनुदानातलं, आणि अनुदानाची अट अशी की टीम लीगच्या नोंदणीत आहे तोवर कोर्टाला हात लावायचा नाही. टीम हरत होती तोवर साहेब निवांत होते. हरणारी टीम आज ना उद्या आपोआप मरते. ही जिंकायला लागली.

सातव्या सामन्यानंतर लॅबसरांच्या हातात कागद पडला. प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यानं क्रीडा विभागात लुडबूड करू नये, प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं टीमच्या बाकड्यावर बसू नये. अकरा वर्षं कुणाला प्रमाणपत्र आठवलं नव्हतं. चार सामने जिंकल्यावर आठवलं.

सरांनी कागदाची घडी घातली, शिट्टी गळ्यातून काढली आणि चिकटच्या हातात दिली. "कोच नसेल तर कप्तान टीम चालवतो. नियमात आहे. चालव."

"तुम्ही भांडणार नाही?"

"मला सव्वाशे परीक्षानळ्या धुवायच्या आहेत."

आठवा सामना चिकटनं खेळत खेळत चालवला आणि तीन गुणांनी हरला. हरले तरी काही बिघडलं नव्हतं. चार विजय, चार पराभव, नोंदणी शाबूत. राहिला नववा, शेवटचा, परगावी, बारावाल्यांच्या कोर्टावर. बारावाले म्हणजे ज्यांच्याकडे बारा खेळाडू, बाराजणांना सारख्या पिशव्या आणि बाटल्यांवर सुद्धा नंबर.

सामन्याच्या दिवशी सकाळी फीतसाहेबांनी चिकट आणि वकिलाला बोलावून घेतलं. टेबलावर एक टाइप केलेलं पत्र. खाली सहीची रेघ.

"कॉलेजची गाडी आज दुसऱ्या कामाला गेली," साहेब म्हणाले, अगदी मायेनं. "जुळ्यांच्या वडिलांशीही बोललो, ती मुलं येणार नाहीत, अभ्यास आहे. तुम्ही पाच जण उरलात, परगावी कशाला धडपडता? टीम उपलब्ध नाही, असं कळवून टाकू. कप्तानाची सही लागते. कर."

चिकटनं पत्र उचललं. नियमपुस्तक सरांनी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं, म्हणून या चार ओळींत काय पुरलंय ते त्याला लगेच दिसलं. न जाणं म्हणजे सामना सोडणं. सामना सोडणं म्हणजे वॉकओव्हर. एक वॉकओव्हर दिला की तीन वर्षं नोंदणी रद्द. तीन वर्षांत तिथे पत्राही चढला असता आणि त्याखाली साहेबांची स्वतःची गाडी थंडगार उभी राहिली असती.

"पत्र लिहिणारे तुम्ही, सही माझी," चिकट म्हणाला. "मरायचं मात्र टीमनं."

"मी तुझ्या भल्याचं सांगतोय, बाळ."

"साहेब, बाळ म्हणू नका. माझी आई म्हणते तेव्हासुद्धा काहीतरी काम असतं."

वकिलानं तोंड उघडलं. "आणि साहेब, कायद्यानं बघितलं तर..."

"तू गप्प बस," साहेब आणि चिकट एकदमच म्हणाले.

चिकटनं पत्राची घडी घातली, परत टेबलावर ठेवलं आणि वर साहेबांचीच फीत ठेवली, उडून जाऊ नये म्हणून.

गाडी नव्हती. परगावची बस दुपारी पोचवणारी, सामना बाराचा. चिकट सरळ रुग्णालयाच्या मागच्या बाजूला गेला, धुलाईघरात. आत वाफ, साबण आणि गरम सुताचा वास. त्याची आई आणि दुसरी एक बाई दोन टोकांना धरून चादर झटकत होत्या, झटका, घडी, झटका, घडी, एकदाही न बघता. वीस वर्षांची सवय.

"आई, तुमची गाडी आज त्या बाजूला जाते ना? दुसऱ्या रुग्णालयात चादरी पोचवायला?"

"जाते. का?"

त्यानं सांगितलं. आईचा झटका थांबला नाही.

"म्हणजे तो टेपवाला म्हणतो जाऊ नका."

"हो."

"आणि पाचच जण आहात."

"हो."

"पायबिय मोडला एकाचा तर?"

"तर चार."

आईनं चादरीची शेवटची घडी घातली आणि ढिगावर थाप मारली. "ड्रायव्हरकाकांना सांगते. मागे बसा. पण धुतलेल्या गठ्ठ्यावर एकाचाही बूट दिसला तर तंगडी माझ्या हातात राहील. आणि त्या लांबड्याला सांग, पाय दुमडून बस. गेल्या वेळी घरी आला तर उंबऱ्यापासून चुलीपर्यंत नुसते पायच."

अशा रीतीनं कॉलेजची टीम निघाली. पांढऱ्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये पाच धिप्पाड पोरं, बूट हातात धरून, गुडघे कानाला लावून. वळणावर गठ्ठे अंगावर येत होते.

"माझं लग्न झालं तरी मला एवढ्या गाद्यागिरद्या मिळणार नाहीत," जावई म्हणाला.

"तुझं लग्न होईल हे कोणत्या कलमाखाली?" वकील.

डोंगर गठ्ठ्याला टेकून झोपला होता. पोस्टमन त्याच्या बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा नीट बांधत होता, बुटात पाय नसतानाच.

बारावाल्यांच्या कोर्टावर लाकडी जमीन होती, छप्पर होतं, आणि पायऱ्यांवर दीडशे माणसं. तिसऱ्या पायरीवर, कडेला, मांडीवर डब्याची पिशवी ठेवून लॅबसर बसले होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पहाटेची बस धरून आलेले. बाकड्यावर बसायला मनाई होती, पायरीवर बसायला नव्हती. चिकटनं मान हलवली. सरांनी हलवली नाही.

रेफरी थोराड, पोट सुटलेला, वीस वर्षं शिट्टी फुंकलेला माणूस. नाणं उडवायच्या आधीच म्हणाला, "हातवरवाले ना तुम्ही? बरं झालं. माझं काम हलकं." आणि बारावाल्यांचा कप्तान मोठ्यानं हसला.

पहिला अर्धा सामना चिकटच्या टीमनं असा खेळला, की पायऱ्यांवरची कुजबुज बंद पडली. पाचजण, बदली कोणी नाही, तरी मध्यांतराला फक्त पाच गुणांनी मागे. बारावाल्यांचा कोच घाम पुसत होता आणि खेळाडू बदलत होता. ताजे पाय, परत ताजे पाय. इकडे तेच पाच, तीच दहा फुप्फुसं.

तिसऱ्या भागात जावयाचा घोटा वळला. उडी मारून तो दुसऱ्याच्या बुटावर उतरला, कट् असा आवाज झाला आणि तो बसलाच. घोटा डोळ्यांदेखत लिंबाएवढा झाला.

"खेळतो मी," तो दात आवळून म्हणाला.

"आयुष्यात पहिल्यांदा काम करायला निघालाय आणि बघा," वकील म्हणाला, पण त्याचा आवाज फाटला होता. त्यांनी जावयाला उचलून बाकड्यावर ठेवलं.

चारजण.

चौथ्या भागाच्या सुरुवातीला डोंगराचा पाचवा फाऊल झाला. रेफरीचं लक्ष दुसरीकडे होतं. डोंगराच्या दंडाचा नुसता स्पर्श झाला होता, समोरच्यालाही कळलं नव्हतं. पण डोंगरानं हात वर केला, तो उंच हात जवळजवळ छपराला लागला. रेफरीनं वळून बघितलं, शिट्टी फुंकली. डोंगर खाली मान घालून निघाला.

"अरे कशाला!" चिकट ओरडला.

"झाला ना रे," डोंगर म्हणाला.

तीनजण. मग तीन मिनिटं वीस सेकंद उरलेली असताना वकील. त्याचाही पाचवा. त्यानंही हात वर केला आणि मगच वाद घालायला सुरुवात केली, की हा फाऊल आहे हे मान्य, पण याआधीचे दोन नव्हते. रेफरीनं त्याला बोटानं बाकडं दाखवलं.

मैदानात दोन माणसं उरली. चिकट आणि पोस्टमन. दोघांचेही चार-चार फाऊल.

नियमपुस्तकातलं ते वाक्य चिकटला पान क्रमांकासकट आठवत होतं. मैदानात दोनपेक्षा कमी खेळाडू उरले की सामना सोडला असं धरावं. दोघं असतील तर एक चेंडू आत टाकू शकतो, दुसरा घेऊ शकतो, खेळ चालतो. एक उरला तर चेंडू टाकणार कुणाला? म्हणजे आता दोघांपैकी एकाचा एक फाऊल झाला की वॉकओव्हर, आणि मग कोर्टावर पत्रा. गुणफलक एकाहत्तर-बावन्न दाखवत होता, तिकडे कोण बघतंय. जिंकणं-हरणं केव्हाच मागे पडलं होतं. तीन मिनिटं वीस सेकंद उभं राहायचं होतं.

बारावाल्यांच्या कोचलाही हे कळत होतं. "अंगावर जा रे!" तो ओरडला. "एक फाऊल काढा की झालं. जेवणं खोळंबलीत."

पायऱ्या हसल्या. पाच विरुद्ध दोन. मांजरांनी उंदीर खेळवावेत तसं सुरू झालं. चेंडू घेऊन ते मुद्दाम छातीवर यायचे, धडक द्यायचे, हात लागतो का बघायचे.

चिकटनं काय करावं? त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. आणि तसाच खेळायला लागला. शिक्षा झालेल्या पोरासारखे हात मागे, आणि पाय मात्र विजेसारखे. ज्याच्याकडे चेंडू त्याच्यासमोर छाती. तो डावीकडे की हा डावीकडे. पोस्टमननं बघितलं आणि त्यानंही हात मागे बांधले. आता हसणं जरा कमी झालं. हात मागे बांधलेल्या माणसाकडून फाऊल काढायचा तरी कसा?

चेंडू बास्केटमध्ये पडायचा, मग यांची पाळी. पोस्टमन रेषेबाहेरून चेंडू टाकायचा, चिकट पाचजणांच्या गराड्यातून सुटून तो घ्यायचा, परत द्यायचा. एकदा तर पोस्टमननं अर्ध्या कोर्टावरून असा पास टाकला, की चिकटच्या हातात चेंडू आला तेव्हा समोर फक्त बास्केट होती. टाकला. चोपन्न. पायऱ्यांवरून कुणीतरी एकटंच टाळी वाजवली आणि दचकून थांबलं.

दोन मिनिटं. एक मिनिट. चिकटच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. हात मागे बांधून धावून बघा, दम अर्धा होतो, तोल जातो. पोस्टमन तोंडानं श्वास घेत होता, ओठ पांढरे. पण पडला नाही.

चाळीस सेकंद.

बारावाल्यांचा नऊ नंबर, बारीक, चपळ, चेंडू घेऊन घुसला. चिकट समोर आला, नऊ फिरला, चिकट मागे राहिला. एक पाऊल. फक्त एक. आणि नऊनं उडी घेतली तेव्हा वर्षानुवर्षांची हात मारायची खोड जागी झाली. चिकटचा उजवा हात मागून सुटला, वर गेला आणि सटकन नऊच्या मनगटावर बसला. चेंडू रिंगवर आपटून बाहेर आला.

मारल्याचं चिकटला मारतानाच कळलं. हाताला कळतं.

रेफरी खांबाच्या पलीकडे होता. त्याला पाठी दिसत होत्या, मनगट नाही. शिट्टी वाजली नाही.

"रेफरी! हात मारला! हातावर मारला यानं!" नऊ ओरडला.

रेफरीनं चिकटकडे बघितलं. तोंडाकडे नाही. हातांकडे.

एका क्षणात किती मावतं! सरांची न वळणारी करंगळी. सकाळचं पत्र. घोटा धरून बसलेला जावई, छपरापर्यंत गेलेला डोंगराचा हात. हात वर केला की टीम संपली, तीही टीमच्याच इमानानं. अरे, ज्यांनी गाडी पळवली, जुळे पळवले, कोच पळवला, त्यांच्यातला एक तरी हात वर करून आला होता का? की मीच करायचा, मीच, दरवेळी, आणि वर त्यांच्या शेडचा पहिला खांबही माझ्याच हातानं रोवायचा?

चिकटनं हात खालीच ठेवला. मांडीला घट्ट लावून.

पोस्टमननं बघितलं.

"त्याचा हात वर नाही," रेफरी नऊला म्हणाला. "ही पोरं खोटं करत नाहीत. आठ सामने बघतोय सगळे. खेळ!"

हे ऐकून चिकटच्या कानाच्या पाळ्या जळल्या. शिट्टी परवडली असती. पण चेंडू पोस्टमनच्या हातात होता आणि घड्याळात एकतीस सेकंद होते. चिकट धावला.

भोंगा वाजला तेव्हा गुणफलक अठ्ठ्याहत्तर-चोपन्न होता. चोवीस गुणांनी हार, आणि मैदानात दोन माणसं उभी. बाकड्यावरून डोंगर आणि वकील असे धावत आले, की बघणाऱ्याला वाटावं हे विजेते आहेत. जावई एका पायावर उड्या मारत आला. पोस्टमन मात्र आडवा झाला आणि छपराकडे बघत पडून राहिला.

चिकट टेबलापाशी गेला. कप्तानाची सही केली. रेफरीनं खाली आपली सही ठोकली. रेफरीची सही झाली की सामना बंद, मग देव आला तरी त्यात खाडाखोड नाही. चिकटनं आपल्या वाट्याची प्रत घेतली, चार घड्या घातल्या आणि मोज्यात खुपसली.

लॅबसर पायरीवर नव्हते. ते फाटकाकडे निघाले होते, डब्याची पिशवी हलवत, भराभर. चिकटनं त्यांना फाटकात गाठलं.

"सर."

सर थांबले नाहीत.

"सर, बोला ना. शिव्या द्या."

सर थांबले. "मी बघितलं."

"माहितेय."

"रेफरीनं तुझ्यावर विश्वास टाकला. तुझ्यावर नाही, आपल्या सगळ्यांवर. डोंगरानं, वकिलानं, सगळ्यांनी मिळून साठवलेला. तू एका दणक्यात उडवलास."

"हो, उडवला! साठवलेलं असतं कशाला? मेल्यावर सरणावर ठेवायला?" चिकटचा आवाज चढला. फाटकावरचा पहारेकरी वळून बघायला लागला. "हात वर केला असता तर तुम्ही माझी पाठ थोपटली असती. आणि पुढच्या महिन्यात आपण सगळे सज्जन लोक शेडच्या बाहेर उभे राहून गाड्या मोजत राहिलो असतो. मला तसली पाठ थोपटून नको."

"म्हणजे बरोबर केलंस असं म्हणायचंय तुला?"

"बरोबर केलं असं कुठे म्हणतोय? मी मारला. मारला आणि लपवला. काच पाण्यात टाकली मी. परत तीच वेळ आली तर परत टाकेन."

रागानं सरांच्या गळ्याची शीर उडत होती. अकरा वर्षांत एवढं कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

"आजपासून तू कप्तान नाहीस," ते म्हणाले. "पोस्टमन कप्तान."

चिकटला आधी झोंबलं. मग त्याच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं आणि तो हसायला लागला. थकलेल्या माणसाला हसू येतं तसं, पोट धरून.

"दात काय काढतोस?"

"कप्तान बदलायला टीम लागते, सर. म्हणजे टीम आहे."

सर हसले नाहीत. हसणाऱ्यातला माणूस नव्हताच तो. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आतल्या बाजूला बोट दाखवलं. "त्या पोराला जाऊन सांग. आत्ता. सही झालीय, तुझं काही जात नाही. पण त्याला वाटत बसेल, की आपल्यालाच भास झाला."

चिकट परत आत गेला. बारावाले पिशव्या भरत होते. नऊ नंबर एकटा बसून मनगट चोळत होता.

"मारला होता मी," चिकट म्हणाला. उभ्यानंच. हात जोडले नाहीत, खांदे पाडले नाहीत.

"मला माहितेय. अजून हुळहुळतंय."

"मग रेफरीकडे जाऊन सांगायचं तर सांग. मी हो म्हणेन. पण सही झालीय."

नऊनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "लेका, चोवीसनं हरलात. हरलेला सामना वाचवायला एवढा कशाला मेलास?"

"लांबलचक आहे."

"पुढच्या वर्षी सामना तुमच्याकडे ना? आमचा?"

"आमच्याकडे."

"आठवण ठेव मग. मनगटाला मनगट. हात वरबीर मी करणार नाही."

"नको करूस," चिकट म्हणाला. "तू नुसता ये. कोर्ट उघड्यावर आहे, टोपी आण."

बाहेर धुलाईघराची गाडी भोंगा वाजवत होती. परतीच्या वाटेवर आता मळक्या चादरी भरल्या होत्या, त्यामुळे बूट काढायची गरज नव्हती. मागचं दार उघडं होतं आणि आतून वकिलाचा आवाज येत होता, की लॅबसरांनी पुढे ड्रायव्हरकाकांच्या शेजारी कशाला, मागे टीमबरोबर बसावं, याला नियमपुस्तकात कुठे मनाई आहे ते कुणीतरी दाखवा.